एक व्हिक्टोरिया क्रॉस आणि आठ स्वार

बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. 1853 मध्ये निजामाच्या हातून वऱ्हाड गेले ते याच खर्चापोटी. तिच्या दुसऱ्या रिसाल्यातल्या हर्बर्ट क्लॉग्स्टनने 15 जानेवारी 1859 रोजी अवघ्या आठ स्वारांनिशी बंडवाल्यांवर घोडे घातले, त्यांना चिचंबा गावात मागे रेटले आणि अखेर लूट टाकून द्यायला लावली. तो स्वतः जबर जखमी झाला. आठांतले सात स्वार गमावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मानपत्रात ते सातही आहेत, पण आकड्यापुरते. मराठवाड्यातल्या शौर्यपदकांचा इतिहास या आकड्यापासून सुरू करायला हवा, कारण पदकातून जसे शौर्य कळते तसेच कोणाचे शौर्य नोंदवायचे हे ठरवणारा नियमही कळतो.

यावर कोणी म्हणेल, व्हिक्टोरिया क्रॉस तेव्हा मरणोत्तर दिलाच जात नसे आणि देशी शिपायांसाठी 1837 पासून ऑर्डर ऑफ मेरिट होते. दोन्ही खरे. पण कॉर्नेट बँक्स, एन्साइन फिलिप्स यांच्यासारखे गोरे अधिकारी मेले, तेव्हा ‘जगते तर पदकासाठी शिफारस झाली असती’ अशा अर्थाची नोंद लंडन गॅझेटने नावानिशी छापली होती. म्हणजे मेलेल्याचे नाव नोंदवायला वाट होती. आणि हे स्वार शिलेदारी पद्धतीचे. घोडा सरकारचा नसे, स्वाराने स्वतःच्या पैशाने आणायचा असे. रणात घोडा पडला की जिवाबरोबर भांडवलही पणाला लागे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे लोक इंग्रजांच्या बाजूने लढले, त्यांचा गौरव कशाला? त्यांना देशभक्त ठरवायचे काहीच कारण नाही. मात्र याच कंटिन्जंटचा पहिला रिसाला 1857 मध्ये मोमिनाबादहून औरंगाबादेत आला आणि तिथे बिघडला. त्यातल्या काहींना देहांत शासन झाले. एकाच फौजेतून दोन्ही वाटा फुटल्या, तेव्हा एकीचा इतिहास दुसरीला वगळून लिहिता येत नाही.

क्लॉग्स्टन 1862 मध्ये हिंगोलीला लढताना मारला गेला. देशी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉसची दारे उघडली ती 1911 मध्ये. 1944 मध्ये इटलीत पडलेल्या, कोकणातल्या माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला आणि माणगावात त्यांचे स्मारक उभे राहिले. कंटिन्जंटचे पायदळ पुढे कुमाऊँ रेजिमेंट झाले. स्वतंत्र भारतातले पहिले परमवीरचक्र त्याच रेजिमेंटच्या मेजर सोमनाथ शर्मांना मिळाले. या साऱ्यांची नावे नोंदली गेली; मराठवाड्याच्या अभ्यासकांनी आता क्लॉग्स्टनबरोबरच्या त्या आठ स्वारांची नावे हुडकायला घ्यावीत.