चांदीवरचे रंग

चांदी काळवंडली की रांगोळीने घासून लख्ख करायची, हा आपला घरोघरचा रिवाज. नाणेसंग्राहक मात्र तोच रंग जपतो.

अमेरिकेत १८७८ पासून मॉर्गन डॉलर पाडले गेले. त्यात ९० टक्के चांदी. टांकसाळीतून हजार-हजार नाणी जाड कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोरीत जात. त्यांतल्या पुष्कळ पिशव्या पार १९६२-६४ पर्यंत तशाच पडून राहिल्या. कापडातल्या गंधकाने चांदीवर सोनेरी, जांभळा, निळा असे रंग चढले. काही नाण्यांवर तर कापडाची वीणही उमटली.

शेल्डन यांनी १९४९ साली नाण्यांच्या प्रतीसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या संस्था तिच्याच आधारे नाणी पारखून सीलबंद डबीत देतात. घासलेल्या किंवा मुद्दाम रंगवलेल्या नाण्याला सहसा आकडा मिळत नाही, नुसता दोषाचा शेरा मिळतो.

मला हे पटते. घासताना चांदीचा थर तर जातोच, शिवाय ते नाणे इतकी वर्षे कुठे, कसे राहिले याची खूणही पुसली जाते. तुमच्याकडे आजोबांचे राणीछाप रुपये असतील, तर लक्ष्मीपूजनाला जरूर मांडा. घासू मात्र नका.