झाकून ठेवलेला संगणक

परवा नातवाने मोबाईलवर जुना 'बीबीसी मायक्रो' चालवून दाखवला आणि मंडळी, मी थेट तरुणपणात पोचलो. आपलं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.

केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला. त्यात इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक आला. मेमरी अवघी ३२ केबी! मी शिकवत होतो तिथेही एक आला. किल्ली माझ्याकडे. पोरं बिघडवतील या भीतीने मी तो बहुतेक वेळ कापडाखालीच ठेवला. खिडकीतून डोकावणारी ती तोंडं अजून आठवतात.

गंमत म्हणजे याच एकॉर्नने १९८५ मध्ये 'एआरएम' चिप बनवली. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये तिचाच वंश आहे. मी कुलपात ठेवलेलं शेवटी पोरांच्या खिशात पोचलंच!

नातवाला म्हटलं, "तू लिही, मी बघतो." त्याने बेसिकच्या दोन ओळी लिहिल्या. एक चुकली, पुन्हा लिहिली, आणि पडदाभर त्याचं नाव धावू लागलं. काहीही बिघडलं नाही.

तेव्हाही बिघडलं नसतं. असो.