मराठी वैद्यकीय नियतकालिकांचा प्रारंभिक इतिहास

वैद्यक व आरोग्य या विषयांना वाहिलेली मराठी नियतकालिके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आकारास आली. या परंपरेतील सर्वांत ठळक नावे आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेल्या डॉक्टरांची नाहीत. त्यांतील एक आयुर्वेदाचे वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचे असून दुसरे गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांचे आहे.

पार्श्वभूमी

बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ व १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. त्यानंतर १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघाले. या मासिकांनी शास्त्रीय विषय मराठीत मांडण्याची वाट पाडली. तथापि ती केवळ वैद्यकाची नव्हती.

मुंबईत १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. पुढे तेथे देशी भाषांतून शिकवणारा वर्गही निघाला. त्यात अध्यापन करणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकाची पाठ्यपुस्तके लिहिली. मात्र पदवीधर डॉक्टरांचा आपसांतील व्यवहार इंग्रजीतच राहिला. कलकत्त्याहून १८६६ पासून निघणारे ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ यांसारखी इंग्रजी पत्रे त्यांना उपलब्ध होती. डॉक्टरांना मराठी मासिकाची व्यावसायिक निकड भासली नाही, हे या इतिहासाच्या पुढील वळणाचे एक कारण मानावे लागते.

वैद्यांची मासिके

मराठी नियतकालिकाची खरी गरज आयुर्वेदाच्या वैद्यांना होती. ते गावोगाव विखुरलेले होते, त्यांचे ग्रंथ संस्कृतात होते आणि सरकारदरबारी त्यांच्या विद्येला मान्यता नव्हती. शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांनी ‘राजवैद्य’ व ‘आर्यभिषक्’ ही नियतकालिके चालवली. ‘आर्यभिषक्’ याच नावाचा त्यांचा ग्रंथही पुढे घरोघरी पोहोचला; नावाच्या साम्यामुळे ग्रंथ व मासिक यांची गल्लत करू नये. मासिकांतून जोडलेला वैद्यवर्ग संघटित करण्याचा प्रयत्नही पदे यांनीच केला आणि १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवले. या पत्रांचे महत्त्व केवळ औषधी माहितीपुरते नाही. आपली विद्या शास्त्र आहे की नाही, हा वाद वैद्यांना त्यांतून आपल्या भाषेत मांडता आला.

समाजस्वास्थ्य

‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईहून सुरू केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले होते. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील प्राध्यापकपद सोडावे लागले. मासिकाचा संसार त्यानंतरचा आहे. पत्नी मालतीबाई यांच्या पाठबळाशिवाय तो चालला नसता.

संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक आरोग्य, स्त्रीचा कामसुखावरील हक्क व बुद्धिवाद हे मासिकाचे विषय होते. बराचसा मजकूर कर्वे स्वतःच लिहीत. ‘शारदेची पत्रे’ हे सदर त्यांनी स्त्रीच्या नावाने लिहिले. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर मात्र वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत मोलाचे ठरते. घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा गावातल्या डॉक्टरला विचारता न येणारे प्रश्न लोक पत्राने विचारत आणि संपादक आडपडदा न ठेवता उत्तर देत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र छापण्याचा त्यांचा आग्रह मित्रांनाही अवघड वाटे. प्रचाराच्या दृष्टीने तो हिताचा होता असे म्हणणे कठीण आहे, पण शरीरात लाजण्यासारखे काही नाही या त्यांच्या भूमिकेशी तो सुसंगत होता.

खटले

‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखासाठी कर्वे यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात वाचकांना दिलेली उत्तरे आक्षेपार्ह ठरवण्यात आली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, वाचक अडचण विचारत असतील तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा बचावाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही व दोनशे रुपये दंड केला. त्या काळी वैद्यकीय माहितीला मिळणारे संरक्षण बहुधा तिच्या भाषेवर अवलंबून असे. इंग्रजीत हॅवलॉक एलिस वाचणारा सुशिक्षित मानला जाई, तीच माहिती मराठीत देणारा आरोपी ठरे.

दंड, तोटा व बहिष्कार सोसूनही मासिक २६ वर्षे निघत राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले आणि नोव्हेंबर १९५३ च्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडले. य. दि. फडके व अनंत देशमुख यांच्या संशोधनामुळे या मासिकाचा इतिहास पुढे अभ्यासकांसमोर आला. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट कर्वे दांपत्याच्या जीवनावर आधारित आहे.