रस्त्यावरचा ‘बहिष्कार’ : स्वदेशीच्या फलकांवरील एका शब्दाविषयी

मराठीतील स्वदेशीविचाराचा इतिहास बहुधा ग्रंथ व नियतकालिके यांच्या आधारे लिहिला जातो. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांत देशी माल वापरण्याचा आग्रह युक्तिवादाने मांडलेला आहे. १९३० साली मुंबईत मूळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारांसमोर स्वयंसेवक व देशसेविका हाताने रंगवलेले फलक घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्या युक्तिवादाला दोन-तीन शब्दच उरले. फलकाला लेखक नसतो, आणि त्याचा वाचक थांबलेला नसतो. त्यामुळे सारा भार एका शब्दावर पडला : ‘बहिष्कार’.

या शब्दाची घडण तौलनिक अभ्यासकाने तपासण्यासारखी आहे. आयर्लंडमध्ये १८८० साली कॅप्टन बॉयकॉट याच्या नावावरून रूढ झालेला इंग्रजी शब्द बंगालीने १९०५च्या चळवळीत जवळजवळ जसाच्या तसा घेतला. मराठीने मात्र (हिंदी-गुजरातीप्रमाणेच) आपल्याकडील जुना शब्द पुढे केला. तो कोरा नव्हता. जातीबाहेर टाकणे, वाळीत टाकणे हा त्याचा परिचित अर्थ होता. खुद्द टिळकांना १८९०च्या पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाप्रकरणी ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते. पुढे त्यांच्याच चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ हे एक सूत्र झाले. जातिव्यवस्थेची शिक्षा राष्ट्राच्या हाती आली, असे म्हणता येईल. धाक तोच राहिला, अपराध तेवढा बदलला.

म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’चे शीर्षक या फलकांशेजारी ठेवून वाचले पाहिजे. शीर्षकातील कृदंत कर्मणी आहे. ज्यांच्यावर बहिष्कार आधीच घातला गेला आहे, त्यांच्या बाजूने तेथे शब्द वापरला जातो. फलकावरील आज्ञार्थ ज्यांना उद्देशून आहे, त्यांच्याकडे निदान बहिष्कार घालण्याचे सामर्थ्य गृहीत धरलेले असते. गरीब विक्रेत्याच्या अंगाने हीच अडचण रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’ (१९१६) या कादंबरीत येते. मराठी समीक्षेने तिच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिलेले दिसत नाही.

मे १९३० मध्ये पिकेटिंगविरुद्ध अध्यादेश निघाला; निदर्शने थांबली नाहीत. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला गिरणी कामगार बाबू गेनू मारला गेला. त्याचे नाव रस्त्याला मिळाले. कापडावर नि पुठ्ठ्यावर रंगवलेले ते फलक मात्र मुख्यतः छायाचित्रांतूनच पाहावे लागतात.