हृदयाची झडप, बुरशी आणि पिंपरीचे हॅमायसिन

१९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्या साहाय्याने घडविलेली कृत्रिम झडप रुग्णाच्या हृदयात बसविली. हृदयरोग्यांना नवे आयुष्य मिळाले; पण त्याच परक्या पृष्ठभागावर कॅन्डिडा आणि ॲस्परजिलस या बुरशींनाही आसरा मिळाला. कृत्रिम रक्तवाहिन्यांचीही हीच कथा. बुरशी तेथे चिवट थर धरते आणि औषध आतवर पोहोचू देत नाही.

त्याच सुमारास पुण्याजवळील पिंपरीत, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या जिवाणूपासून हॅमायसिन मिळविले. हे बुरशीनाशक ॲम्फोटेरिसिन-बीच्याच कुळातले. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला जखडून ते पटल दुबळे करणारे. झडपेवरील बुरशीविरुद्ध मात्र भिस्त राहिली ती ॲम्फोटेरिसिनवर आणि शस्त्रक्रियेवर.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने १९ धोकादायक बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली. त्यात या दोन्ही कुळांना अग्रस्थान आहे. ॲस्परजिलस रक्ताच्या कल्चरमध्ये क्वचितच उगवतो. म्हणूनच रायपूर असो वा पुणे, कृत्रिम झडपेच्या रुग्णाचा ताप हटत नसेल, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ असूनही बुरशीचा संशय सोडता येत नाही.