हळू शिकणाऱ्यांची रोजी

पुण्यास गुलटेकडीवरील मार्केट यार्डांत भल्या पहाटे गेल्यास एका व्यवहाराचीं किती लहान लहान कामें होतात हें ध्यानांत येतें. पोतें उतरविणारा निराळा, तोलणारा निराळा, कांदाबटाटा निवडून त्याची प्रत लावणारा निराळा. यांतील पुष्कळ कामांस अक्षरओळख लागत नाहीं. सराव लागतो, आणि चुकल्यास न रागावतां पुन्हां दाखविणारा माणूस लागतो. ज्यांची बुद्धि मंद गतीनें वाढते अशा प्रौढ स्त्रीपुरुषांस उद्योगास कसें लावावें, या प्रश्नाचा इतिहास याच दोन गोष्टींभोंवतीं फिरतो.

फार काळ त्यांच्या शिक्षणाचा विचारच झाला नाहीं. १९१२ च्या कायद्यानें जन्मतः मंदमति असलेला आणि पुढें वेड लागलेला या दोघांस एकाच व्याख्येंत बसविलें. एकास औषध हवें, दुसऱ्यास शिक्षण. हा भेद कायद्यांत स्पष्ट होण्यास १९८७ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत वाट काढली ती शाळांनीं. १९४४ सालीं मुंबईंत जय वकील व होरमसजी वकील या दांपत्यानें आपल्या मुलीच्या निमित्तानें शाळा काढली; पुण्यांत १९६४ सालीं ‘कामायनी’ उभी राहिली. परंतु शाळेंतलीं मुलें कायमचीं मुलें राहत नाहींत. शाळा संपल्यावर पुढें काय, हा प्रश्न घरोघरच्या उंबरठ्याशीं येऊन थांबला. आणि त्यामागें दुसरा, न बोलला जाणारा प्रश्न होता: आपल्या पश्चात् याचें कसें होणार?

उत्तराची दिशा इंग्लंडांतील एका प्रयोगानें दाखविली. ज्यांच्यापासून कसलीच अपेक्षा उरली नव्हती अशा कांहीं प्रौढांस क्लार्क व हर्मेलिन या संशोधकांनीं पुठ्ठ्याच्या पेट्या दुमडणें, सायकलचे पंप जुळविणें हीं कामें शिकविलीं, व १९५५ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आरंभीं त्यांचा वेग अगदींच थोडा होता. सरावानें तो पुष्कळ वाढला. पहिल्या दिवशीं माणूस किती करतो यावरून तो शेवटीं किती करील हें ठरत नाहीं, असें दिसून आलें. पुढें अमेरिकेंत मार्क गोल्ड यानें सायकलचे ब्रेक जुळविण्याचें काम बारीक पायऱ्यांत वाटून शिकविलें. शिकणारा अडला तर दोष शिकविण्याच्या रीतीचा, असें तो मानी.

ठिकठिकाणीं निघालेल्या कार्यशाळांनीं या प्रौढांच्या दिवसाला आकार दिला; परंतु तेथील माल बहुधा दयेपोटीं खपे आणि मोबदला मानधनापलीकडे सहसा जात नसे. म्हणून १९८० च्या सुमारास परदेशांत निराळी रीत पुढें आली. आधीं खऱ्या कामावर नेमावें, मग शिक्षकानें तेथेंच शेजारीं उभें राहून शिकवावें, आणि हळूहळू दूर व्हावें. बस पकडणें, घड्याळ पाहणें, पैसे मोजणें, मुकादमास ‘समजलें नाहीं’ असें सांगणें, हेंही त्या शिक्षणांतच आलें.

कायदा मात्र मागून आला. १९९५ च्या कायद्यानें मतिमंदत्वाची गणना अपंगत्वांत केली, पण सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा दृष्टि, श्रवण व हालचाल यांच्या अपंगत्वापुरत्याच ठेविल्या. बौद्धिक अक्षमतेस त्यांत वाटा मिळाला तो २०१६ च्या कायद्यानें; तोही इतर कांहीं प्रकारांसह मिळून शेंकडा एक.

येथें मार्केट यार्डाच्या हमालांचा इतिहास आठवावा. ओझें वाहणाऱ्यास कामगार म्हणून कोणी गणीत नव्हतें. १९५५ सालीं बाबा आढावांनीं हमाल पंचायत उभी केली आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी कायदा झाला, तेव्हां त्याच ओझ्याच्या मजुरीची रीतसर नोंद होण्याची सोय झाली. हळू शिकणाऱ्या माणसासही शाबासकीपेक्षां अशा नोंदीचें मोल अधिक आहे. महिनाअखेरीस पगारपत्रकांत त्याचें नांव असावें, त्यापुढें अंगठा उमटला तरी चालेल. आईबापांच्या त्या न बोललेल्या प्रश्नास याहून भरंवशाचें उत्तर अद्याप सांपडलेलें नाहीं.