ब्राऊन, मॉर्डेकाय

(१९ ऑक्टोबर १८७६ – १४ फेब्रुवारी १९४८). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू, उजव्या हाताचा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा). ‘थ्री फिंगर’ आणि ‘मायनर’ ही त्याची टोपणनावे. जन्म इंडियाना राज्यातील नाइझव्हिल येथे. लहानपणी, काहींच्या मते पाचव्या तर काहींच्या मते सातव्या वर्षी, शेतावरच्या वैरण कापण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची तर्जनी तुटली. जखम भरण्याआधीच पडल्यामुळे मधले बोट मोडून वाकडे जुळले. करंगळीही अधू राहिली. तर्जनीच्या खुंटावर टेकवून आणि वाकड्या बोटाने दाबून सोडलेल्या चेंडूला विलक्षण फिरकी मिळे. वळणारा चेंडू बॅटपाशी येताच एकदम खाली बसे आणि फटका बहुधा जमिनीलगतच जाई.

तरुणपणी तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. तेथील संघात तो तिसऱ्या बेसवर खेळे. नेहमीचा पिचर नसल्याने एकदा त्याच्या हाती चेंडू आला आणि पुढे तेच त्याचे काम झाले. १९०३ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सकडून पदार्पण. त्या हंगामात ९ विजय, १३ पराभव. तेवढ्यावरच संघाने त्याला शिकागो कब्जला देऊन टाकले. हा व्यवहार शिकागोच्या फार पथ्यावर पडला.

१९०६ ते १९११ या सलग सहा हंगामांत त्याने प्रत्येकी २० किंवा अधिक सामने जिंकले. १९०६ मध्ये २६ विजय, ६ पराभव आणि नऊ इनिंग्जमागे सरासरी केवळ १.०४ अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणातील चुकांविना दिलेल्या धावा). ८ ऑक्टोबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्सविरुद्ध लीगचे विजेतेपद ठरवणारा सामना झाला. शिकागोचा पिचर फिस्टर पहिल्याच इनिंगमध्ये अडखळला, तेव्हा ब्राऊनला बोलावले गेले. तुडुंब, खवळलेल्या प्रेक्षकांसमोर त्याने उरलेला सामना पेलला. समोर जायंट्सचा पिचर ख्रिस्टी मॅथ्यूसन होता. शिकागो ४–२ ने जिंकले व पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. आयत्या वेळी धावून येणे हेही त्याचे मोठे काम होते: १९११ मध्ये ५३ सामन्यांत त्याने चेंडू टाकला, पण सुरुवात २७ मध्येच केली. पुढे अशा बचावांची मोजणी झाली, तेव्हा त्या हंगामाचे १३ बचाव त्याच्या नावे लागले.

१९१३ मध्ये सिनसिनाटी, त्यानंतर फेडरल लीगमधील संघ व पुन्हा शिकागो कब्ज. अखेरचा सामना ४ सप्टेंबर १९१६ रोजी, मॅथ्यूसनविरुद्धच, त्यात हार.

निवृत्तीनंतर टेरे होट येथे पेट्रोल पंप चालवला. कारकिर्दीत एकूण २३९ विजय, ५५ शटआउट (प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न दिलेले सामने), अर्न्ड रनची सरासरी २.०६. अधू हाताची नवलाई सांगताना चेंडूवरील त्याच्या ताब्याकडे दुर्लक्ष होते. त्याची थोरवी त्या ताब्यात आहे. १९४९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी मरणोत्तर निवड.